आर.ई.एम. : कारकीर्द आणि चाहत्यांची मते

आर.ई.एम. हा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी १९८० साली स्थापन झालेला आणि २१ सप्टेंबर २०११ रोजी स्वेच्छेने थांबलेला रॉक बँड. गायक मायकेल स्टाइप, गिटारवादक पीटर बक, बेसवादक माइक मिल्स आणि ड्रमवादक बिल बेरी हे त्याचे चार संस्थापक. एकतीस वर्षांत या बँडने पंधरा अल्बम काढले. ज्या संगीताला पुढे अल्टरनेटिव्ह रॉक हे नाव पडले, ते कॉलेजांच्या छोट्या रेडिओ केंद्रांवरून भल्यामोठ्या स्टेडियमांपर्यंत पोहोचवणाऱ्यांत आर.ई.एम.चे स्थान अगदी वरचे आहे. मात्र बँड ऐन भरात नेमका कधी होता, यावर त्याच्या चाहत्यांचे आजही एकमत नाही. गायकाचे शब्द कळावेत की न कळावेत, यश मिळवल्याने काही गमावले जाते का आणि चारांतला एक गेल्यावर उरलेल्या तिघांनी तेच नाव लावावे का, या तीन प्रश्नांभोवती हा वाद फिरतो आणि बँडची सगळी कारकीर्द त्यात सामावते.

पीटर बक अथेन्समधील वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करीत असे. तेथे येणारा स्टाइप नेमक्या त्याच रेकॉर्डी उचलत असे, ज्या बकने स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलेल्या असत. दोघांची मैत्री अशी जुळली. मिल्स आणि बेरी हे मेकन शहरातले शाळेपासूनचे सोबती होते. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला हे चौघे वापरात नसलेल्या एका जुन्या चर्चमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. त्या चर्चची इमारत १९९० मध्ये पाडण्यात आली, परंतु तिचा मनोरा राखला गेला आणि दूरदूरहून येणारे चाहते तो पाहायला आवर्जून जातात. बँडचे नाव स्टाइपने शब्दकोशाचे पान सहज उघडून निवडले. ही आद्याक्षरे झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींसाठी वापरली जात असली, तरी नावामागे तसा काही हेतू नव्हता. याहून महत्त्वाचा होता तो चौघांनी सुरुवातीलाच पाळलेला एक नियम. गाणे कोणीही रचलेले असो, श्रेय चौघांचे, नावे आडनावांच्या वर्णक्रमाने आणि उत्पन्नाची वाटणी समान. शिवाय चौघांपैकी एकाने जरी नकार दिला तरी ती गोष्ट होत नसे. पैशावरून आणि श्रेयावरून फुटलेल्या बँडांची यादी पाहता, हा नियम नसता तर आर.ई.एम. दहा वर्षेही टिकला नसता असे म्हणावे लागते.

'रेडिओ फ्री युरोप' हे पहिले गाणे १९८१ मध्ये हिब-टोन या लहानशा कंपनीने काढले. त्याचे ध्वनिमुद्रण निर्माता मिच ईस्टर याने आपल्या आईवडिलांच्या गॅरेजमधील स्टुडिओत केले होते. पुढील वर्षी आय.आर.एस. या कंपनीशी करार झाला आणि 'क्रॉनिक टाउन' ही पाच गाण्यांची तबकडी आली. पहिल्या पूर्ण अल्बमसाठी कंपनीने आधी दुसऱ्या निर्मात्याकडे प्रयोग करून पाहिला. त्याने बेरीला यंत्राच्या ठोक्यावर वाजवायला लावले आणि वरून सिंथेसायझरचे थर चढवले. बँडला ते मुळीच मानवले नाही आणि काम पुन्हा ईस्टर व डॉन डिक्सन यांच्याकडे आले. एप्रिल १९८३ मध्ये आलेला 'मर्मर' हा त्या आग्रहाचा परिणाम आहे. त्यात बकची गिटार सुरावटीचे स्वर एकत्र न छेडता सुटेसुटे उलगडते, मिल्सचा बेस ठेका धरून बसण्याऐवजी स्वतःची वेगळी चाल गात राहतो आणि 'वी वॉक' या गाण्यामागे दूरच्या गडगडाटासारखा जो आवाज येतो, तो स्टुडिओच्या इमारतीत बेरी बिलियर्ड्स खेळत असताना टिपून नंतर संथ केलेला चेंडूंच्या आदळण्याचा आवाज आहे. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाने मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' मागे ठेवून 'मर्मर'ला त्या वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवले, तरी विक्रीच्या यादीत तो ३६व्या क्रमांकापलीकडे गेला नाही.

'मर्मर'मधील स्टाइपचे गाणे हा चाहत्यांच्या पहिल्या वादाचा उगम होय. शब्द ओठांतच विरतात, ओळीचा शेवट गिळला जातो आणि जे काही ऐकू येते त्याचा अर्थ लागेलच असे नाही. अल्बमसोबत गीतांचा कागद नव्हता. त्यामुळे ऐकणारे सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवत, कान स्पीकरला लावत आणि जे सापडे ते वहीत उतरवून घेत. दोन मित्रांच्या वह्यांत एकाच ओळीचे दोन निराळे पाठ सापडणे नेहमीचेच होते. पर्ल जॅम या बँडचा गायक एडी व्हेडर यानेही, हा माणूस नेमके काय म्हणतो आहे हे समजून घेण्यासाठी आपण १९८४च्या उन्हाळ्यात हा अल्बम असंख्य वेळा ऐकला, असे पुढे जाहीरपणे सांगितले. जुन्या चाहत्यांचे म्हणणे असे, की न कळणाऱ्या शब्दांत ऐकणाऱ्याला स्वतःची जागा मिळत असे. हे म्हणणे खोटे नाही. भजनाचा अर्थ पुरता न उमगताही माणूस त्याच्या सुरात डुंबतो, तसे काहीसे येथे घडते.

त्यानंतरची चार वर्षे बँडने दरसाल एक अल्बम काढला आणि उरलेला वेळ व्हॅनमधून गावोगाव हिंडण्यात घालवला. 'रेकनिंग' (१९८४) झपाट्याने झाला. 'फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन' (१९८५) निर्माता जो बॉइड याच्या हाताखाली लंडनच्या थंडीपावसात झाला आणि त्या काळात बँड मोडण्याच्या बेतात होता. अमेरिकेच्या दक्षिण भागातील विक्षिप्त म्हातारे, आगगाड्या आणि लोककथा यांनी भरलेला हा काळवंडलेला अल्बम आजही काही निष्ठावंतांना सर्वांत जवळचा वाटतो. 'लाइफ्स रिच पॅजंट' (१९८६) करताना निर्माता डॉन गेहमन याने स्टाइपला स्पष्ट गायला भाग पाडले. पाठोपाठच्या 'डॉक्युमेंट' (१९८७) मधील 'द वन आय लव्ह' अमेरिकेत पहिल्या दहा गाण्यांत गेले. लोकांनी ते प्रेमगीत समजून एकमेकांना अर्पण केले, वास्तविक त्या गाण्यात माणूस वापरून टाकून देण्याची क्रूरता आहे. शब्द ऐकू येऊ लागले म्हणजे ते समजतातच असे नाही, हे चाहत्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगले.

१९८८ मध्ये बँड वॉर्नर ब्रदर्स या बड्या कंपनीकडे गेला. निर्मितीचे सर्व अधिकार स्वतःकडे ठेवूनच तो गेला होता, तरी 'आता हे विकले गेले' असा सूर कॉलेज रेडिओच्या श्रोत्यांत उमटलाच. नव्या कंपनीकडचा पहिला अल्बम 'ग्रीन' अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी, ८ नोव्हेंबर १९८८ रोजी बाहेर आला. त्याच्यासोबत बँडने प्रथमच एका गाण्याचे शब्द छापून दिले. ते गाणे होते 'वर्ल्ड लीडर प्रिटेंड'. बाकीच्यांचे शब्द चाहत्यांनी पूर्वीप्रमाणेच शोधायचे होते. विकले जाण्याचा आरोप किती तकलादू होता हे दुसऱ्या एका गोष्टीवरूनही दिसते. त्याच वर्षापासून बँड आपल्या चाहतामंडळाच्या सभासदांना दर नाताळात खास ध्वनिमुद्रणाची भेट घरपोच पाठवू लागला आणि ही प्रथा २०११ पर्यंत चालू राहिली.

'आउट ऑफ टाइम' (१९९१) आणि त्यातील 'लूझिंग माय रिलिजन' यांनी बँडला जगभर नेले. बक तेव्हा मँडोलिन नव्याने शिकत होता. दूरदर्शन संचासमोर बसून तो तारा छेडत असे आणि ते टेपवर चालू ठेवत असे. दुसऱ्या दिवशी टेप ऐकताना शिकाऊ खडखडाटामधून एकाएकी या गाण्याची सुरावट निघाली. रूढ अर्थाचे ध्रुवपद नाही आणि मुख्य वाद्य मँडोलिन, असे हे गाणे प्रथम बाहेर काढायला कंपनी कचरत होती. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर पोहोचले आणि अल्बम पहिल्या. गाण्याच्या नावावरून ते श्रद्धा गमावल्याविषयी आहे असा समज होतो. अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र हा वाक्प्रचार संयम सुटणे, पाणी डोक्यावरून जाणे या अर्थी वापरतात आणि गाणे एकतर्फी ओढीचे आहे.

या गाण्याच्या चित्रफितीचा भारताशी खरा संबंध आहे. दिग्दर्शक तरसेम सिंग जालंधरचा. त्याने चित्रफितीत युरोपीय चित्रकलेच्या छायाप्रकाशाबरोबर भारतीय कॅलेंडरांवरील देवादिकांच्या चित्रांची मांडणी आणि झळझळीत रंग वापरले. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या या चित्रांची परंपरा मागे नेली, तर ती लोणावळ्याजवळ मळवली येथे चाललेल्या रविवर्म्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचते. निळ्या कांतीची, फुलांच्या आणि तेजोवलयांच्या गर्दीत स्थिर उभी राहिलेली ती पात्रे मराठी प्रेक्षकाला परकी वाटत नाहीत ती त्यामुळेच. १९९१च्या एमटीव्ही पारितोषिकांत या चित्रफितीला सहा पारितोषिके मिळाली. याच सुमारास आपल्याकडे उपग्रह वाहिन्या घराघरांत शिरू लागल्या होत्या आणि मुंबई-पुण्यातील त्या पिढीच्या अनेक श्रोत्यांना आर.ई.एम. प्रथम भेटला तो या चित्रफितीतूनच.

त्याच अल्बममधील 'शायनी हॅपी पीपल' हे उड्या मारणारे गाणे मात्र चाहत्यांच्या रोषाचे कायमचे धनी झाले. बँडलाही ते फारसे प्रिय नव्हते; २००३च्या निवडक गाण्यांच्या संग्रहातून त्यांनी ते वगळले. याउलट 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (१९९२) याविषयी चाहत्यांच्या सर्व गटांत जवळजवळ एकमत आढळते. नाव अथेन्समधील एका साध्या खाणावळीच्या पाटीवरचे, तंतुवाद्यांची रचना लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सची आणि विषय मृत्यू, वय, निरोप. 'एव्हरीबडी हर्ट्स' मध्ये स्टाइपचा प्रत्येक शब्द मुद्दाम स्वच्छ आहे, कारण ते गाणे जगण्याला कंटाळलेल्या तरुणाला उद्देशून आहे आणि तेथे संदिग्धता ठेवणे माणुसकीला धरून झाले नसते. शब्द न कळण्यातच बँडचे मोठेपण होते असे मानणाऱ्यांना हे गाणे पुरेसे उत्तर आहे.

या दोन्ही अल्बमांनंतर बँडने दौरा केला नव्हता. 'मॉन्स्टर' (१९९४) हा कर्कश गिटारींचा अल्बम घेऊन तो १९९५ मध्ये बाहेर पडला आणि हा दौरा त्याला फार महाग पडला. १ मार्च रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे रंगमंचावरच बेरीच्या मेंदूतील रक्तवाहिनी फुटली आणि त्याच्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे त्याच दौऱ्यात मिल्स आणि स्टाइप यांच्यावरही शस्त्रक्रिया झाल्या. बेरी बरा होऊन परतला. त्याच दौऱ्यात, रिकाम्या प्रेक्षागृहांत आवाजाची चाचणी घेताना आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांत टिपलेल्या गाण्यांतून 'न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय' (१९९६) आकाराला आला. वॉर्नरशी सुमारे आठ कोटी डॉलरचा नवा करार झाल्याची बातमी तेव्हा गाजत होती आणि तुलनेने कमी खपलेला हा अल्बम त्या गोंगाटात दुर्लक्षित राहिला. आज अनेक चाहते तो बँडचा शिखरबिंदू मानतात आणि प्रस्तुत लेखकाचेही तेच मत आहे. प्रवासाचा शीण, रस्त्याची लांबी आणि चार माणसांचे एकत्र श्वास घेणे त्यात ऐकू येते.

३० ऑक्टोबर १९९७ रोजी बेरी बँडबाहेर पडला आणि जॉर्जियात शेती करू लागला. आपल्या जाण्याने बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही, अशी त्याची अट होती. चौघांपैकी एक गेला तर बँड संपेल असे हेच लोक पूर्वी सांगत आले होते आणि तो शब्द चाहत्यांनी लक्षात ठेवला होता. तीन पायांचे कुत्रे हेही कुत्रेच असते, त्याला फक्त वेगळ्या तऱ्हेने धावायला शिकावे लागते, असे स्टाइप तेव्हा म्हणाला. ड्रमयंत्रे आणि कळवाद्ये यांवर उभा राहिलेला 'अप' (१९९८) हे ते नवे धावणे होय. बँडने सर्व गाण्यांचे शब्द प्रथमच छापून दिले ते याच अल्बमसोबत. पंधरा वर्षे ज्यांनी वह्या भरल्या त्यांना ते अखेर मिळाले, तेव्हा त्यांतील पुष्कळांना त्याचा आनंद झाला नाही. बेरी केवळ ठेका धरत नसे. तो गाणी रचत असे आणि लांबलेले गाणे कोठे कापावे हे त्याला कळत असे. त्याची उणीव पुढच्या अल्बमांच्या लांबीत आणि संथपणात जाणवते. 'अराउंड द सन' (२००४) हा त्यांतला सर्वांत अशक्त, याबाबत चाहत्यांत दुमत नाही. बकनेही नंतर, पूर्ण होईतो आम्हालाच त्याचा कंटाळा आला होता, अशा अर्थाची कबुली दिली. 'अ‍ॅक्सेलरेट' (२००८) करण्यापूर्वी बँडने डब्लिनमध्ये प्रेक्षकांसमोरच नव्या गाण्यांच्या तालमी घेतल्या आणि अल्बम पस्तीस मिनिटांच्या आत संपवला.

'कोलॅप्स इंटू नाउ' (२०११) या पंधराव्या अल्बमनंतर काही महिन्यांतच, कोणतेही भांडण वा कोर्टकचेरी न होता, तिघांनी बँड थांबवला. पुनर्मीलनाची मागणी सातत्याने झाली, परंतु पैशासाठी परतणे त्यांनी नाकारले आणि एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या चाहत्यांनी या निर्णयाचा बहुतांशी आदरच केला. जून २०२४ मध्ये न्यू यॉर्क येथे बँडला गीतकारांच्या मानाच्या दालनात (साँगरायटर्स हॉल ऑफ फेम) प्रवेश देण्यात आला, त्या प्रसंगी चौघांनी मिळून एकच गाणे सादर केले. बकच्या हाती मँडोलिन होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अथेन्सच्या '४० वॉट' क्लबमध्ये दुसरे कलावंत त्यांचीच जुनी गाणी सादर करीत असताना चौघे रंगमंचावर आले आणि त्यांनी 'रेकनिंग'मधील 'प्रिटी परस्युएजन' वाजवले. बेरीही त्यांच्यात होता.