कच्च्या सांध्याची औषधं

आईच्या मोतीबिंदूच्या तपासणीला गेलो होतो. ऑपरेशनआधी डोळ्यांचा दाब मोजायचा होता. सिस्टर आल्या, "आजी, वर बघा, जरासं झोंबेल," म्हणाल्या आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकून गेल्या. मिनिटभरानं यंत्राचं टोक थेट कॉर्नियाला (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला) टेकलं, पण आई ढिम्म. एरवी डोळ्यात धुळीचा कण गेला तरी घर डोक्यावर घेणारी बाई!

तो थेंब प्रोपाराकेनचा, म्हणजे तेवढीच जागा बधिर करणाऱ्या औषधाचा. कोकेन, प्रोकेन, टेट्राकेन, बेंझोकेन ही त्याची भावंडं. घराण्याचं नाव एस्टर, रेणूतल्या मधल्या सांध्यावरून पडलेलं. दातांच्या डॉक्टरांकडे मिळणारं लिग्नोकेन, म्हणजेच आपलं झायलोकेन, मात्र दुसऱ्या घराण्यातलं, अमाइड. ओळखायची सोपी खूण इंग्रजी स्पेलिंगमध्ये आहे: औषधाच्या मूळ (बाजारातल्या नव्हे) नावात 'आय' हे अक्षर दोनदा येतं ते अमाइड, एकदाच येतं ते एस्टर.

या घराण्याची सुरुवातही डोळ्यापासूनच झाली. कोकाच्या पानांतून कोकेन वेगळं काढलं होतं १८६० च्या सुमारास. ते जिभेवर ठेवलं की जीभ बधिर होते, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. पुढची वीस-पंचवीस वर्षं त्या बधिरपणाचा फारसा उपयोग कुणाला सुचला नाही. १८८४ साली व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड (हो, तेच मनोविश्लेषणवाले) कोकेनवर काम करत होते. त्या उन्हाळ्यात ते आपल्या वाग्दत्त वधूला भेटायला गेले, आणि इकडे त्यांचा तरुण सहकारी कार्ल कोलर यानं बेडकाच्या डोळ्यात कोकेनचं पाणी टाकलं. डोळ्याला टोचलं तरी बेडूक हलेना. मग ससा, मग कुत्रा, आणि शेवटी कोलर आणि त्याच्या मित्रानं आपापल्या डोळ्यांत थेंब टाकून टाचणीच्या डोक्यानं कॉर्निया दाबून पाहिला. सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या सभेत हा शोध जाहीर झाला. कोलरकडे प्रवासाचे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरांनी वाचून दाखवला.

कोकेनचं व्यसन लागतं हे कळायला वेळ लागला नाही. न्यूयॉर्कचे नामांकित सर्जन विल्यम हाल्स्टेड स्वतःवर प्रयोग करता करता त्यात अडकले. मग शोध सुरू झाला बधिर करेल पण नादी लावणार नाही अशा औषधाचा. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी १९०४ च्या सुमारास प्रोकेन घडवलं. बाजारातलं नाव नोव्होकेन.

रेणूची रचना अगदी साधी. एका टोकाला बेंझीनचं कडं, ते चरबीत रमतं. दुसऱ्या टोकाला नायट्रोजन असलेलं अमाइन, ते पाण्यात रमतं. मध्ये जोडणारा सांधा एस्टरचा. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांची पाणी बाहेर टाकून झालेली जोडी. तेल-तूपही एस्टरच. कॉस्टिक सोडा घालून तेलाचा साबण करतात तेव्हा हाच सांधा तुटतो.

आता काम कसं चालतं ते बघू. वेदनेचा निरोप मज्जातंतूतून पुढे सरकतो तो सोडियमचे आयन आत घुसतात म्हणून, आणि त्यांच्या येण्याजाण्याला मज्जातंतूच्या पडद्यात खास दारं असतात. औषधाचा विद्युतभार नसलेला रेणू तेलकट पडदा ओलांडून आत जातो, आत गेल्यावर भार धारण करतो आणि दाराला आतून कडी घालतो. बाहेरून कितीही ढकला, दार उघडत नाही. शरीराच्या ७.४ सामूला (pH) प्रोकेनचे शंभरातले जेमतेम तीन रेणू भाररहित असतात, म्हणून ते चढायला वेळ घेतं. पू झालेल्या दाढेजवळ तर आम्लता वाढलेली असते, तिथे आत शिरू शकणारे रेणू आणखी कमी. "इंजेक्शन दिलं तरी दुखलंच" ही तक्रार बऱ्याचदा खरी असते ती यामुळे, आणि ती झायलोकेनलाही लागू आहे. बेंझोकेनला मात्र ते अमाइनचं शेपूट नाहीच. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे टोचता येत नाही. घशाच्या गोळ्या, हिरड्यांना लावायचं जेल, असं वरवरचंच त्याचं राज्य.

मला सगळ्यात आवडतो तो मधला सांधा. तो कच्चा आहे, आणि तेच त्याचं भांडवल. रक्तात स्यूडोकोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) फिरत असतं. प्रोकेन रक्तात उतरलं की हे विकर त्याचा सांधा कापून टाकतं. अमाइडला तुटण्यासाठी यकृतापर्यंत जावं लागतं. क्लोरोप्रोकेन तर इतक्या झपाट्यानं तुटतं की रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला मिनिटही लागत नाही. म्हणून घाईच्या सिझेरियनमध्ये ते मोठ्या मात्रेत देता येतं, बाळापर्यंत फारसं पोचत नाही. काहींच्या शरीरात मात्र हे विकर जन्मतःच कमी असतं. दक्षिण भारतातल्या आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त असल्याचं आढळलं आहे. "घरात कुणाला भूल उतरायला फार वेळ लागला होता का?" असं भूलतज्ज्ञ विचारतात, त्यामागे हेही एक कारण असतं.

प्रोकेन तुटलं की पॅरा-अमिनो बेंझॉइक आम्ल उरतं, आणि काहींना त्याचीच ॲलर्जी असते. गंमत म्हणजे जंतूंनाही हे आम्ल हवं असतं. सल्फा औषधं जंतूंना त्याचा वापर करू देत नाहीत, आणि प्रोकेन ते आयतं पुरवतं! १९४० च्या दशकात लिग्नोकेन आलं आणि प्रोकेन मागे पडलं. प्रोकेन पेनिसिलिनच्या नावात ते अजून टिकून आहे: इंजेक्शन कमी दुखावं आणि औषध सावकाश झिरपावं म्हणून घातलेलं. बेंझोकेनची तऱ्हा वेगळी. त्यानं क्वचित रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, रक्त चॉकलेटी दिसतं, ओठ निळे पडतात. दात येणाऱ्या तान्ह्या बाळाच्या हिरड्यांना ते जेल चोळू नये.

तपासणी झाल्यावर आईनं डॉक्टरांना विचारलंच, "हेच औषध घरी द्या ना, डोळा किती शांत झाला!" डॉक्टर हसले, पण नाहीच म्हणाले. हा थेंब वारंवार टाकला तर कॉर्नियाच्या वरच्या थराची जखम भरत नाही, पापणी आपोआप मिटणं कमी होतं, आणि दुखत नसल्यानं पेशंटला पत्ताही लागत नाही. डोळा पांढरा पडू शकतो. "पंधरा मिनिटं डोळे चोळू नका," एवढंच सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा आईनं पदर डोळ्याला लावला. "काहीतरी गेलंय बघ रे डोळ्यात."