पार्श्वभूमी : दरवाजे कोण उघडतं?

आपत्ती व्यवस्थापनावर राजकीय थरारमालिका करायची आणि ती कोल्हापुरात घडवायची, तर कथानक शोधत हिंडायला नको. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सगळ्यांच्या मोबाईलवर असते. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. एकेक भाग त्या आकड्यावर बेतता येईल.

जुना काळ थोडक्यात. संस्थानकाळात काम सुरू झालेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. इथं फाईल नाही, सही नाही, कुणाचा फोन नाही. थरारमालिकेला त्याचा काय उपयोग! १९८९ च्या पुरानंतर नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकरांना पुनर्वसनासाठी सोनतळीत भूखंड मिळाले, तरी पूर आला की त्या गावांत अजून बोटी पाठवाव्या लागतात.

खलनायक म्हणून इथं पहिलं नाव निघतं ते कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं ५१९.६ मीटरपर्यंत पाणी अडवायला परवानगी दिली. २००५ च्या महापुरात ‘अलमट्टीची फूग’, म्हणजे धरणामुळं मागं तुंबणारं पाणी, हा शब्द पहिल्यांदा घरोघरी पोचला. २०१० मध्ये कृष्णा पाणीवाटप लवादानं ५२४.२५६ मीटरला मान्यता दिली. अंमलबजावणी न्यायालयात अडकली, पण तो आकडा शिरोळ तालुक्यातल्या पोरांनाही पाठ आहे. २०१९ नंतर राज्यानंच नेमलेल्या अभ्यास समितीनं सांगितलं, की पुराला अलमट्टी कारणीभूत नाही. बोट वळलं ते अतिवृष्टीकडं आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांकडं. नदीकाठानं हे अजून मानलेलं नाही, आणि त्यात निव्वळ हट्ट आहे असंही म्हणवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धरण किती भरलेलं ठेवायचं आणि विसर्ग कोणत्या तासाला वाढवायचा, हे शेवटी माणूसच ठरवतो. शिवाय तो माणूस दुसऱ्या राज्यात बसलेला. पातळी ५१७ मीटरच्या आसपास रोखा, ही इथली मागणी त्यातूनच आली. मात्र पूररेषेत मंगल कार्यालयं आणि अपार्टमेंटं उभी राहिली ती कुणाच्या सहीनं, हा प्रश्न अलमट्टीच्या आडोशाला सुखानं झोपतो.

राजकारण उघडं पडलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये. पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, शहरात दूध-पेट्रोलची टंचाई झाली. विधानसभा निवडणूक तोंडावर होती. मोफत धान्यासाठी दोन दिवस पाण्यात बुडालेलं असण्याची अट घालणारा शासन निर्णय, बोटीतला मंत्र्यांचा सेल्फी, मदतीच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो. हे कुठल्या पटकथाकारानं लिहिलं असतं तर अतिरंजित म्हणून कापलं गेलं असतं. त्यामानानं जिल्हा प्रशासनाची रात्रंदिवस धावपळ आणि तालमींची पोरं बातम्यांत मागं पडली.

२०२१ च्या जुलैत महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला, पण तेव्हा स्थलांतर लवकर सुरू झालं होतं आणि दोन्ही राज्यांचे अभियंते विसर्गाबाबत एकमेकांच्या संपर्कात होते. पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवण्याची, जागतिक बँकेच्या मदतीची योजनाही दरम्यान पुढं आली. २०२५ मध्ये कर्नाटकनं अलमट्टीची उंची वाढवण्याची तयारी पुन्हा सुरू केली, तसा इथं सर्वपक्षीय विरोध उभा राहिला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पुढारी त्यासाठी एका व्यासपीठावर आले.