वावडिंग: काढ्यात काय उतरतं, चोथ्यात काय राहतं

कोल्हापुरात काष्ठौषधींच्या दुकानात वावडिंग सहज मिळतं. मिऱ्याहून बारीक, तांबूस-काळे दाणे. तान्ह्या बाळाच्या पाण्यात त्यातले चार दाणे पडतात, आणि शेरडाला जंत झाले की त्याचाच काढा पाजतात.

पण जंतांवर काम करणारं वावडिंगातलं मुख्य द्रव्य, एम्बेलिन, पाण्यात जवळपास विरघळतच नाही. दाण्याच्या वजनात ते साधारण 2 ते 3 टक्के असतं. काढा गाळला की त्यातलं बरंचसं चोथ्याबरोबर फेकलं जातं. वैद्य वावडिंगाचं चूर्ण मधातून किंवा ताकातून देतात, तेव्हा दाण्यातलं सगळंच पोटात जातं. हा फरक लहान नाही.

प्रयोगशाळेत म्हणूनच अल्कोहोल वापरतात. सावलीत वाळवलेले दाणे दळायचे, 100 ग्रॅम पूड 500 मिली इथेनॉलमध्ये तीन दिवस अधूनमधून हलवत भिजवायची, गाळायचं आणि 45 अंशांच्या आत, कमी दाबाखाली इथेनॉल उडवायचं. उरतो तो अर्क. तो किती ग्रॅम निघाला हे लिहून ठेवावंच लागतं, नाहीतर पुढचं मात्रेचं गणित जमत नाही. माल अस्सल आहे का हेही आधी पाहायचं, कारण एम्बेलिया त्सेरियम-कोट्टम या वावडिंगाच्या नात्यातल्या झुडपाचे दाणे बाजारात वावडिंग म्हणूनच विकले जातात. पूड ईथरमध्ये हलवून त्यात पातळ अमोनिया घातला की जांभळट रंग येतो. पण तो एम्बेलिनचा रंग, आणि एम्बेलिन त्या दुसऱ्या दाण्यातही असतं. रंग आला म्हणजे वावडिंगच, असं ठरत नाही.

अर्क काढायची रीत किती निर्णायक असते, हे हिवतापाच्या औषधात दिसलं. चीनमध्ये तू यूयू यांच्या गटाला आर्टेमिसिया ॲन्युआचे अर्क कधी लागू पडत, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नव्हे. उष्णतेनं गुण जात असावा, असं धरून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. 1971 मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधले हिवतापाचे परजीवी पूर्ण घालवले. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आता चाचणी. आपल्याकडे बऱ्याच प्रबंधांत अर्क गांडुळावर ओततात आणि ते किती मिनिटांत निपचित पडतं ते मोजतात. गांडूळ परजीवी नाही. उरलेल्या अल्कोहोलनं किंवा नुसत्या आंबटपणानंही ते मरतं. त्यापेक्षा अंडी उबण्याची चाचणी बरी. शेळीच्या ताज्या लेंड्यांतून हिमॉन्कस या रक्त पिणाऱ्या जंताची अंडी चाळणीनं आणि मिठाच्या संपृक्त द्रावणानं वेगळी करायची, धुवायची, चाचणीच्या ताटलीतल्या एका खळग्यात साधारण 100 घालायची, 27 अंशांना 48 तास ठेवायची, मग आयोडीन टाकून उबलेली-न उबलेली मोजायची. लेंड्या घेतल्यापासून तीन तासांच्या आत अंडी लावावीत. आत गर्भ वाढू लागला की तुलनेसाठी वापरायची बेन्झिमिडाझोल गटातली जंतनाशकंच कमी चालतात आणि आपला अर्क फुकटचा सरस दिसतो. निव्वळ द्रावक घातलेला एक खळगाही हवाच.

आणि खळग्यात 1 मिलीला 1 मिलिग्रॅम अर्क पुरला, तरी शेळीच्या पोटाचं काय? ओटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, 10 लिटर ऐवज धरला तर 10 ग्रॅम अर्क लागेल. पुडीतून 10 टक्के अर्क निघत असेल, तर 100 ग्रॅम दाणे, तेही एका वेळी. त्यात हा जंत राहतो चौथ्या कप्प्यात. तिथवर किती पोचेल हा प्रश्न वेगळाच. गाभण शेळीला तर देऊच नये, एम्बेलिनचा प्रजननावर होणारा परिणाम प्राण्यांमध्ये दिसलेला आहे. मुलांच्या बाबतीत 10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी काढ्यासाठी टाळणं शहाणपणाचं नाही.

शेवटी निकाल लागतो गोठ्यात. 3 ग्रॅम लेंड्या 42 मिली द्रावणात कालवून मॅकमास्टर काचेच्या (अंडी मोजायच्या खणांच्या काचपट्टीच्या) दोन खणांत अंडी मोजायची आणि 50 नं गुणायचं, की एका ग्रॅममधली संख्या मिळते. औषध पाजण्याआधी एकदा, 10 ते 14 दिवसांनी पुन्हा. सोबत औषध न दिलेल्या शेळ्यांचा गट ठेवावाच लागतो. गगनबावड्यासारख्या धुवांधार पावसाच्या भागात ऋतू पालटला की अंड्यांची संख्या आपोआपच खालीवर होते, आणि श्रेय मात्र वावडिंगाला जातं.