‘करंज’ची माणसं आणि मधली साडेसतरा वर्षं

१० मार्च २०२१ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत नवी ‘करंज’ पाणबुडी नौदलात दाखल झाली. त्या समारंभाला जुन्या ‘करंज’वर काम केलेली, १९७१च्या युद्धात तिच्यावर असलेली बरीच मंडळी हजर होती. प्रमुख पाहुणेही त्यांच्यातलेच. जुनी बोट ताब्यात घेणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते, युद्धात तिचे कप्तान होते आणि पुढे नौदलप्रमुख झाले. बांगलादेश युद्धाचं पन्नासावं वर्ष चालू होतं, त्यामुळे या भेटीचं कौतुकही खूप झालं. पण जुनी ‘करंज’ निवृत्त झाली १ ऑगस्ट २००३ला. मधली साडेसतरा वर्षं या नावाची पाणबुडी भारताकडे नव्हती. या गोष्टीचा त्या दिवशी फारसा उल्लेख झाला नाही. तो व्हायला हवा होता.

जुन्या बोटीचा इतिहास थोडक्यात असा. सोव्हिएत संघाकडून आलेल्या पहिल्या चार पाणबुड्या म्हणजे ‘कलवरी’, ‘खांदेरी’, ‘करंज’ आणि ‘कुरसुरा’. ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ला बाल्टिक समुद्रावरच्या रिगा बंदरात दाखल झाली. म्हणून ८ डिसेंबर हा आपला पाणबुडी दिवस. ‘करंज’ ४ सप्टेंबर १९६९ला तिथेच दाखल झाली. सुवेझ कालवा १९६७च्या युद्धापासून बंद होता, त्यामुळे बाल्टिकमधून निघून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून या बोटी घरी आल्या. नव्या दलाची माणसं इतक्या लांबच्या पहिल्याच सफरीत एकमेकांना जी ओळखू लागली, ती कायमची.

तिचे पहिले कप्तान मराठी. १९७१मध्ये मात्र ते ‘करंज’वर नव्हते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या तरुणांना रात्री पोहत जाऊन जहाजांच्या बुडाला सुरुंग लावायला शिकवणारी गुप्त मोहीम त्यांच्याकडे होती. डिसेंबरमध्ये मोंगला-खुलन्यापर्यंत गनबोटी घेऊन ते स्वतः गेले आणि महावीरचक्राचे मानकरी ठरले. ‘करंज’ तेव्हा नव्या कप्तानांच्या हाताखाली युद्धमोहिमेवर होती. त्या कामगिरीबद्दल कप्तानांना वीरचक्र मिळालं, इतरांचाही गौरव झाला. आपल्या पाणबुड्यांनी त्या युद्धात एकही जहाज बुडवलं नाही, असा टोमणा अधूनमधून ऐकू येतो. बोलणाऱ्यांनी आदेश काय होते तेही पाहावं. पश्चिमेकडे गस्तीवर असलेल्या ‘कुरसुरा’ला लक्ष्याची खात्रीशीर ओळख पटल्याशिवाय मारा करायचा नव्हता आणि व्यापारी जहाजांना तर खास हुकमाशिवाय हात लावायचा नव्हता. शत्रूच्या टापूत आठवडेच्या आठवडे दबा धरून बसायचं आणि हाताचं बोट ट्रिगरवर असूनही गप्प राहायचं, हे सोपं काम नाही.

आतलं जगणं कसं होतं, ते विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेल्या ‘कुरसुरा’त आजही बघता येतं. बोट ९१ मीटर लांब आणि माणसं ७५. सात कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झडप. तिच्यातून आधी पाय घालून मग अंग आत ओढायचं, तेही सायरन वाजल्यावर काही सेकंदांत. गोड पाणी मोजकं, म्हणून आंघोळ नाही. बॅटऱ्या चार्ज करायला रात्री नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिनं चालवायची. लाटेने नळीचं तोंड बंद झालं की इंजिनं बोटीतलीच हवा ओढत आणि सगळ्यांचे कान दडत. भेटीगाठींत हे कानांचं आणि डिझेलच्या वासाचं बोलणं हमखास निघतं. वास कपड्यांत इतका मुरलेला असे की सुटीवर घरी गेल्यावर बायका-मुलांना दारातच कळायचं.

आता त्या साडेसतरा वर्षांकडे येऊ, कारण खरी पार्श्वभूमी तीच आहे.

तिचं मूळ बरंच मागे आहे. १९८१च्या डिसेंबरात भारताने एका पश्चिम जर्मन गोदीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन तिकडे कील शहरात बांधायच्या आणि दोन मुंबईत, माझगावला. आणखी दोन बांधायची मुभाही करारात होती. माझगावचे वेल्डर, फिटर, ड्राफ्ट्समन जर्मनीत जाऊन शिकून आले. पाणबुडीची आतली, पाण्याचा दाब झेलणारी कवचनळी जोडणं ही साध्या जहाजकामाची गोष्ट नव्हे. खास पोलाद, त्याला ठरावीक तापमान राखूनच करायचं वेल्डिंग, आणि प्रत्येक सांध्याचा एक्स-रे. एका सांध्यात बारीक पोकळी राहिली तरी खोल पाण्यात सगळी माणसं गेली, हे वेल्डरला ठाऊक असतं. ७ फेब्रुवारी १९९२ला ‘शल्की’ दाखल झाली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. मे १९९४मध्ये ‘शंकुल’ झाली. परळ-लालबाग-माझगावच्या चाळींतून गोदीत जाणाऱ्या माणसांच्या हातांनी या बोटी उभ्या राहिल्या.

आणि मग काम थांबलं. कारण त्याआधीच घडलं होतं. १९८७मध्ये या व्यवहारात सात टक्के दलाली गेल्याची माहिती जर्मनीतल्या आपल्या वकिलातीकडून दिल्लीला आली. चौकशीचा आदेश निघाला आणि तो देणाऱ्या संरक्षणमंत्र्यांना लवकरच राजीनामा द्यावा लागला. बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचेचं वादळही त्याच महिन्यांत उठलं. पाचव्या-सहाव्या पाणबुडीचा विषय तिथेच बुडाला. पुढे वर्षानुवर्षं तपास चालला आणि पुरेसा पुरावा न मिळाल्याने प्रकरण बंद झालं.

या निर्णयाचं समर्थन करणारे आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं पोकळ नाही. संरक्षण खरेदीत लाच खपवून घेतली तर पुढच्या प्रत्येक करारात तीच वाट पडते. शिवाय नौदल रिकामं बसलं नव्हतं. १९८६ ते २००० या काळात सोव्हिएत संघ आणि नंतर रशियाकडून ‘सिंधुघोष’ वर्गाच्या दहा बोटी आल्या. पण चौकशी करणं वेगळं आणि शिकलेल्या हातांचं काम बंद करणं वेगळं. पहिलं आवश्यक होतं. दुसऱ्याची शिक्षा दलालाला नव्हे, गोदीतल्या वेल्डरला आणि समुद्रातल्या नौसैनिकाला झाली. ‘शंकुल’नंतर माझगावला पाणबुडीचं नवं काम आलं ते थेट २००५च्या फ्रेंच करारानंतर. तोवर शिकलेली मंडळी निवृत्त झाली, काही दुसरीकडे गेली. १९९९मध्ये तीस वर्षांत २४ पाणबुड्यांची योजना मंजूर झाली खरी, पण कागदावरून पाणी कापत जाणारी बोट होत नाही. फ्रेंच आराखड्याची पहिली बोट, नवी ‘कलवरी’, २०१२ला मिळायची ती डिसेंबर २०१७मध्ये दाखल झाली. सुट्या भागांच्या खरेदीतली दिरंगाई हेही कारण होतं, पण हात नव्याने तयार करावे लागले हे मोठं कारण होतं.

दरम्यान जुन्या बोटी ओढत राहाव्या लागल्या. ‘करंज’ ३४ वर्षं चालली. तिच्या पाठच्या वर्गातली ‘वेला’ १९७३ ते २०१०, म्हणजे ३७ वर्षं. सुट्या भागांची ओढाताण तर आधीपासूनची, इतकी की १९७५ ते १९८० या काळात ‘कुरसुरा’ बांधून ठेवून तिचे भाग काढून बाकीच्या बोटी चालवल्या गेल्या. नंतर तिची सोव्हिएत संघात दुरुस्ती झाली आणि ती २००१पर्यंत चालली. अशा जुन्या यंत्रांवर माणसं समुद्रात गेली आणि सुखरूप परत आली, याचं श्रेय त्या बोटी सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना द्यायला हवं. समारंभांत त्यांची नावं क्वचितच घेतली जातात.

निवृत्त बोटीचं नाव नव्या बोटीला द्यायची नौदलाची परंपरा आहे. नव्या सहा बोटींना ‘कलवरी’, ‘खांदेरी’, ‘करंज’, ‘वेला’, ‘वागीर’ आणि ‘वागशीर’ ही नावं मिळाली. शेवटची १५ जानेवारी २०२५ला मुंबईतच दाखल झाली. ‘कलवरी’ आणि ‘वेला’ या वर्गांतल्या जुन्या सोव्हिएत बोटी मात्र आठ होत्या. ‘कुरसुरा’ आणि ‘वागली’ ही दोन नावं राहिली. ‘कुरसुरा’च्या माणसांना निदान संग्रहालय आहे. २००२पासून ती लोकांसाठी खुली आहे आणि तिथे निवृत्त नौसैनिकच बोट दाखवतात. ‘वागली’चं संग्रहालय मामल्लपुरमला करायचं ठरलं होतं, ते झालं नाही. तिच्यावर नोकरी केलेल्यांना जमायला ना जुनी बोट आहे, ना त्या नावाची नवी.

आता पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी, ज्या जर्मन गोदीशी तेव्हा फारकत घेतली तिच्याच वारसदार कंपनीच्या आराखड्यावर, पुन्हा माझगावातच बांधणी करण्याची बोलणी झाली आहेत. त्यांना नावं देताना ‘कुरसुरा’ आणि ‘वागली’ ही दोन सगळ्यात आधी घ्यावीत, आणि या वेळी सहावी बोट पाण्यात जाण्याआधीच सातवीचं काम गोदीला द्यावं.