निद्राकालीन स्वायत्त विकृती (तंत्रिका-ऱ्हासाच्या रोगांतील)

झोपेत हृदयगती, रक्तदाब, श्वसन व मूत्राशय यांवरील स्वायत्त तंत्रिका तंत्राचे (इच्छेविना चालणाऱ्या मज्जातंतूंच्या यंत्रणेचे) नियमन बिघडणे. निरोगी माणसाच्या गाढ झोपेत परानुकंपी (शरीराला विसावा देणाऱ्या) विभागाचे पारडे जड होते. नाडी मंदावते, रक्तदाब दिवसाच्या मानाने सु. १० ते २० टक्के उतरतो. कंपवात (पार्किन्सन्स), ल्यूई पिंडांचा (मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनांच्या गोळ्यांचा) स्मृतिभ्रंश व मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी (मेंदूचे अनेक भाग झिजण्याचा विकार) या रोगांत हा उतार बऱ्याचदा नाहीसा होतो. काहींचा रक्तदाब रात्री उलट चढतो. दवाखान्यात तो दिवसा, बसवून मोजतात. त्यामुळे २४ तासांच्या नोंदीशिवाय ही विकृती सहसा उघड होत नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. ल्यूई यांनी १९१२ मध्ये वर्णिलेले हे पिंड व्हेगस तंत्रिकेच्या (मेंदूपासून हृदय व आतड्यांकडे जाणाऱ्या तंत्रिकेच्या) मेंदूतील पृष्ठीय केंद्रकातही आढळले होते. हाइको ब्राक व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच केंद्रकाला व घ्राणकंदाला (मेंदूतील वासाच्या भागाला) कंपवाताची पहिली पायरी मानले आणि तो आतड्यातून व्हेगसमार्गे वर चढत असावा, असे सुचविले. मात्र शवविच्छेदनातील सर्वच मेंदू या क्रमात बसत नाहीत. म्हणून काही संशोधक ‘शरीरापासून’ व ‘मेंदूपासून’ सुरू होणारे दोन प्रकार कल्पितात. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण स्वप्नातील हाणामारी झोपेत प्रत्यक्ष करणाऱ्या (रेम, म्हणजे स्वप्नांच्या, निद्रेतील वर्तनविकार; वर्णन शेंक व माहोवाल्ड, १९८६) अनेक रुग्णांच्या हृदयातील अनुकंपी (शरीराला सज्ज करणारे) तंतू, हाताला कंप सुटण्याच्या कितीतरी आधी, एमआयबीजी स्कॅनमध्ये (हे तंतू दाखविणाऱ्या तपासणीत) क्षीण दिसतात; म्हणजे अशांत रोग शरीरापासून सुरू झाला असावा. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीत हेच तंतू बहुधा शाबूत असतात. तीत रात्री श्वास आत घेताना कर्कश, चिरका आवाज येतो. त्याला घोरणे समजून दुर्लक्ष करू नये. झोपेत अचानक मृत्यूचा धोका असतो.

अल्झायमर रोगातही हृदयगतीतील स्वाभाविक चढउतार घटल्याचे आढळते.

मुंबईतील पारशी वसाहतींच्या पाहणीत (प्रसिद्धी १९८८) कंपवाताचे प्रमाण लाखात सु. ३२८ आढळले. ती पाहणी रोगाच्या प्रमाणापुरती होती. घरात मात्र या विकृतीचा जाच रात्रीच जाणवतो. आडवे पडल्यावर चढलेला रक्तदाब मूत्रपिंडांकडून पाणी व मीठ बाहेर काढवतो. रुग्णाला वारंवार लघवीला उठावे लागते आणि उभे राहताच रक्तदाब कोसळून तोल जातो. सामाईक संडास गॅलरीच्या टोकाला असलेल्या चाळीत हे अंतर म्हाताऱ्या माणसाला फार घातक. पलंगाजवळ भांडे ठेवावे. उठताना आधी काही मिनिटे कडेला पाय सोडून बसवावे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा देऊन संपूर्ण पलंगच तिरपा केल्यास रात्रीची लघवी कमी होते व सकाळचा रक्तदाब सावरतो. नुसत्या जादा उशीने मान तेवढी वाकते. रक्तदाब टिकविण्यासाठी दिलेल्या मिडोड्रिनसारख्या गोळीची शेवटची मात्रा झोपण्यापूर्वी निदान चार तास आधी देतात.