उल्का की रॉकेटचा तुकडा?

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ-खानदेशातल्या लोकांनी आकाशात जळत्या ठिपक्यांची लांब रांग सरकताना पाहिली. बऱ्याच जणांनी तिला उल्का म्हटलं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग सापडली आणि उल्केची गोष्ट तिथेच संपली.

पण रिंग सापडलीच नसती तर? तरीही ओळखता आलं असतं. पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: किती वेळ दिसलं?

उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते, कक्षेतून पडणारा तुकडा आठच्या आत. हा फरक नुसत्या डोळ्यांना फारसा कळत नाही. खरी गोम कोनात आहे. उल्का बहुतेक वेळा तिरकी घुसते आणि काही सेकंदांत विझते. मोठा अग्निगोलही क्वचितच दहा सेकंदांपुढे जातो. रॉकेटचा तुकडा मात्र जवळजवळ आडवा, वातावरणाला घासत येतो. त्याचा चार-पाचशे किलोमीटरचा मार्ग एका गावातून दिसला, तर मिनिटभर सहज जातो. वाटेत तो फुटतो आणि सगळे तुकडे एकामागोमाग त्याच रेषेत चालत राहतात. पाडव्याच्या व्हिडिओंमध्ये नेमकं हेच दिसतं.

अपवाद आहेच. १० ऑगस्ट १९७२ ला अमेरिकेच्या युटापासून कॅनडापर्यंत भरदिवसा एक उल्का वातावरणाला चाटून गेली, तीही मिनिटभराहून जास्त दिसली. म्हणून दिशाही टिपावी. बहुतेक रॉकेटं पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा घेत पूर्वेकडे सोडतात. उल्केला दिशेचं बंधन नाही. पूर्वेकडून पश्चिमेकडे काही जळत गेलं, तर माझा कौल उल्केला.

कुणाचं रॉकेट, हा पुढचा तपास. त्या संध्याकाळी न्यूझीलंडहून एक रॉकेट उडालं होतं, म्हणून आधी संशय त्याच्यावर गेला. वेळ जुळली की माणूस फसतो! खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षा पाहून सांगितलं, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. त्या टप्प्याचा व्यासही तीनच मीटर.

जमिनीवर काही सापडलं तर फरक आणखी सोपा. ताज्या उल्कापाषाणावर जळालेली पातळ काळी साल असते. रिंग किंवा पोकळ गोळा आकाशात आपोआप घडत नाही. मात्र टाकीसारखं काही दिसलं तर हात लावू नये. आत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. पोलिसांना नाहीतर तहसीलदारांना कळवावं.