सर्पगंधा

सर्पगंधा : करवीर कुलातील बहुवर्षायू लहान झुडूप. शास्त्रीय नाव रॉव्होल्फिया सर्पेंटिना. मराठीत अडकई, हरकी ही नावेही नोंदलेली आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या दमट रानांत, गोव्याच्या पूर्वेकडील तालुक्यांतही, ते सावलीला आढळते. पाने पेऱ्यावर तीन-तीनच्या मंडलात, फुले पांढरी, त्यांचे देठ लालसर, पिकलेले फळ जांभळट काळे. औषधात मूळ वापरतात. नावात गंध असला तरी सुक्या मुळाला वास जवळजवळ नसतो. कडवटपणा मात्र जिभेवरून लवकर जात नाही.

इतिहास : संहितांतील ‘सर्पगंधा’ व ‘नाकुली’ म्हणजे हीच वनस्पती का, याबद्दल एकमत नाही. गोव्याशी तिचा संबंध जोडला जातो तो गार्सिया द ऑर्तामुळे. १५३४ मध्ये गोव्यात आलेल्या या पोर्तुगीज वैद्याच्या, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या संवादरूप ग्रंथात ‘पाव द कोब्रा’ म्हणजे सापाच्या लाकडावर एक प्रकरण आहे. सिलोनातील मुंगूस सापाशी झुंजताना ही मुळी चावते, असे त्यात सांगितले आहे. ऑर्ताने तीन प्रकार दिले असून त्यांतला पहिला सर्पगंधा असावा, असे अनेकांनी मानले; इतरांना तो ऑफिओऱ्हायझा ही वेगळी वनस्पती किंवा काजऱ्याच्या (कुचल्याच्या) वंशातील वेल वाटतो. मुंगसाची कथा एकाहून अधिक मुळ्यांना चिकटलेली असल्याने पुरावा म्हणून ती दुबळीच. शिवाय ऑर्ताचा विषय सर्पविष आहे. या मुळाने पुढे होऊ लागलेल्या रक्तदाबाच्या उपचाराचे श्रेय त्याच्याकडे नेणे ओढूनताणून वाटते. (पणजीत चर्चसमोरील उद्यानाला त्याचे नाव आहे.) वंशनामही असेच दूरचे : ज्या राउव्होल्फ या जर्मन वैद्यावरून ते पडले, तो भारतात आलाच नव्हता. दक्षिण कोकणातून मुंबईला मजुरीस जाणारे लोक पोटदुखीवर उपाय म्हणून हे मूळ जवळ बाळगत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळते.

चिकित्सा : १९३१ मध्ये सेन व बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर या मुळाचा उपयोग मांडला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये सिबा या औषध कंपनीच्या संशोधकांनी या मुळातून रेसर्पीन हे अल्कलॉइड (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त क्रियाशील द्रव्य) वेगळे केले. ते मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या संदेशवाहक द्रव्याचा साठा रिकामा करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात व नाडी मंदावते. नाक चोंदणे हा नेहमीचा उपद्रव. त्याने नैराश्य येते या भीतीने औषध मागे पडले, पण २०२३ च्या एका पद्धतशीर आढाव्यात या समजाला सुसंगत आधार आढळला नाही. चार चाचण्यांतील २३७ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात वरचा दाब सरासरी सुमारे ८ मिमी. (पारा) उतरलेला दिसतो, मात्र हृदयविकाराचे झटके वा मृत्यू टळतात का, हे एवढ्यावरून ठरत नाही. याच मुळातील अजमलीन हे दुसरे अल्कलॉइड आज ब्रुगाडा लक्षणसमूह या हृदयाची लय बिघडवणाऱ्या आनुवंशिक विकाराच्या निदानचाचणीत वापरतात.

व्यापार : मुळासाठी झुडूप उपटावेच लागते. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टान्वये नियंत्रण आहे. याच वंशातील इतर जातींच्या मुळांची भेसळ होते. अल्कलॉइडे मुख्यतः सालीत असल्याने साल निघालेले मूळ हलक्या प्रतीचे धरतात.